मुंबई ते चिपी : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

सिंधुदुर्गातील चिपी-परुळे येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. तेव्हापासून कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या भागांतील घरांत ‘मुंबईला विमानाने किती वेळ लागतो’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा मोबाइलवर शोधले जाते, तेथे ‘साडेतीनशे किलोमीटर, सव्वा तास’ असे काहीतरी दिसते आणि त्या आकड्यावर विसंबून पुढचे सगळे बेत आखले जातात. आकडा चुकीचा नसतो. परंतु तो एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा असतो, आणि आपल्याला जायचे असते घरापासून परळच्या रुग्णालयापर्यंत किंवा गिरगावातल्या लग्नापर्यंत. म्हणून हे आकडे कोठून येतात, ते स्वतः कसे काढावेत आणि त्यांत काय मिळवले म्हणजे खरा वेळ हाती लागतो, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

सरळ अंतर कसे काढावे

दोन शहरांमधील ‘हवाई अंतर’ म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्या दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा. ती काढण्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश लागतात. मोबाइलमधील नकाशावर एखाद्या जागी बोट दाबून धरले की ते दिसतात. नकाशाच्या ॲपमध्येच अंतर मोजण्याची सोय असते आणि घाई असेल तर तेवढे पुरेसे आहे. परंतु एकदा हाताने हिशेब केल्याखेरीज त्या आकड्याचा अर्थ मनात बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोकणात हा हिशेब समजावणे तुलनेने सोपे जाते, कारण आपल्या मच्छीमारांना तो रोजच्या सवयीचा आहे. समुद्रावर अंतर सागरी मैलांत मोजतात, आणि एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट. एका अंशाची साठ मिनिटे असतात, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश सरकले की साठ सागरी मैल, अर्थात सुमारे १११ किलोमीटर अंतर होते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानेही हाच मैल वापरतात आणि त्यांचा वेग ‘नॉट’मध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत सांगितला जातो. ट्रॉलरवरच्या जीपीएसचे आणि विमानाच्या कॉकपिटमधले एकक एकच आहे.

पूर्व-पश्चिम दिशेचे गणित थोडे वेगळे आहे. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवांकडे जाताना जवळ येत येत शेवटी एकत्र मिळतात. त्यामुळे रेखांशाच्या एका मिनिटाचे अंतर काढताना त्याला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत हा गुणक ०.९४५ आणि ०.९६ यांच्या दरम्यान राहतो. म्हणून या किनाऱ्यासाठी ०.९५ हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी चालतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मुंबईचा विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. चिपीचा १६ अंश ० मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ३२ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक ३ अंश ५ मिनिटे, म्हणजे १८५ मिनिटे, म्हणजेच १८५ सागरी मैल. रेखांशांतील फरक ४० मिनिटे, त्याला ०.९५ ने गुणले की ३८ सागरी मैल येतात. हे दोन आकडे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजून तिसरी बाजू काढावी, जशी आपण शाळेत पायथागोरसच्या प्रमेयाने काढत होतो : १८५ चा वर्ग ३४,२२५, ३८ चा वर्ग १,४४४, बेरीज ३५,६६९ आणि तिचे वर्गमूळ सुमारे १८९. म्हणजे १८९ सागरी मैल, आणि त्यांना १.८५२ ने गुणले की ३५० किलोमीटर. मोबाइल दाखवतो तोच आकडा वहीच्या अर्ध्या पानात मिळाला.

याच रीतीने मोपाचे अंतर काढून पाहावे. मोपा साधारण १५ अंश ४४ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक २०१ मिनिटे, रेखांशांतील ६० मिनिटे, त्याचे ५७ सागरी मैल. उत्तर सुमारे २०९ सागरी मैल, म्हणजे ३८७ किलोमीटर येते.

येथे एक चूक फार जण करतात, म्हणून ती स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. मोबाइलचा नकाशा १५.७३ असे दशांशांत लिहितो, जुने नकाशे १५ अंश ४४ मिनिटे असे लिहितात, तर होडीवरचे जीपीएस बहुधा अंश आणि दशांशी मिनिटे दाखवते. १५ अंश ४४ मिनिटे म्हणजे १५.४४ नव्हे. मिनिटांना साठाने भागावे लागते : ४४ भागिले ६० म्हणजे ०.७३. कोणी घाईने १५.४४ असे लिहिले, तर मोपाचा विमानतळ कागदावर ३२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. हिशेबाला बसण्यापूर्वी सर्व आकडे एकाच पद्धतीत आणून घ्यावेत.

सपाट त्रिकोणाची ही रीत किती दूरपर्यंत विश्वासार्ह आहे, हेही जाणून घ्यावे. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांतली माणसे आखातात नोकरीला आहेत, म्हणून मुंबई-दुबईचे अंतर मी या रीतीने काढून पाहिले. दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाचा, म्हणजे सुमारे २२ अंशांचा कोसाइन ०.९२६ घेतला, तर उत्तर सुमारे १,९२८ किलोमीटर येते आणि ते खऱ्या अंतराला अगदी जवळचे आहे. मात्र मुंबई-लंडनसाठी हीच रीत वापरल्यास साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर येते, प्रत्यक्षात ते ७,२०० किलोमीटरांच्या आसपास आहे. इतक्या दूरच्या प्रवासात पृथ्वीचा गोलपणा दुर्लक्षून चालत नाही. तेथे गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र वापरावे किंवा नकाशाच्या ॲपवर विसंबावे.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे खरे. पण विमानाच्या बाबतीत तेवढ्याने उत्तर फसवे येते. एअरबस ए३२० सारखे जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने मुंबई-मोपा हे ३८७ किलोमीटरांचे अंतर अठ्ठावीस मिनिटांत संपायला हवे. वेळापत्रकात मात्र तासाहून अधिक वेळ दिलेला असतो, आणि त्यामागे रास्त कारणे आहेत.

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. विमान व्यवसायात त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, तेथे रांगेत थांबणे, उड्डाण, चढण, उतरण, आणि उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत येणे हे सगळे मोजलेले असते. मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी जमिनीवर व आकाशात दोन्हीकडे थांबावे लागते. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली विमानाचा वेग सर्वसाधारणपणे २५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवला जातो. मुंबईहून विमान बहुतांश वेळा पश्चिमेला समुद्राकडे उडते आणि मग दक्षिणेला वळते, म्हणजे पहिली काही मिनिटे ते आपल्या गावाच्या दिशेने जातच नाही. साडेतीनशे-चारशे किलोमीटरांच्या प्रवासात विमान पूर्ण उंचीवर व पूर्ण वेगात फार थोडा वेळ असते.

म्हणून मी पुढील ठोकताळा वापरतो. जेट विमानासाठी किलोमीटरांतील अंतराला ८०० ने भागावे आणि आलेल्या वेळात पस्तीस ते चाळीस मिनिटे मिळवावीत. चिपीसारख्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआर जातीच्या पंख्यांच्या विमानांसाठी ५०० ने भागून तीस मिनिटे मिळवावीत. मोपासाठी : ३८७ भागिले ८०० म्हणजे एकोणतीस मिनिटे, त्यात चाळीस मिळवली की एक तास नऊ मिनिटे. चिपीसाठी एटीआरने : ३५० भागिले ५०० म्हणजे बेचाळीस मिनिटे, अधिक तीस, म्हणजे जवळजवळ सव्वा तास. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की कमी अंतरावर जेट आणि पंख्याच्या विमानाच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. लहान विमान पाहून ‘यात फार वेळ जाईल’ अशी जी शंका वडीलधारी मंडळी घेतात, तिला या मार्गापुरता आधार नाही.

वाऱ्याचा परिणाम आपल्या किनाऱ्यावरील उत्तर-दक्षिण प्रवासात थोडाच जाणवतो. पूर्व-पश्चिम प्रवासात मात्र तो मोठा असतो : हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे दुबईला जाताना सव्वातीन तासांच्या आसपास आणि परतताना पावणेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. तिकिटावरील वेळा त्या त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असतात, हे येथे विसरू नये. दुबईचे घड्याळ आपल्या मागे दीड तास आणि कतार, कुवेत व सौदी अरेबियाचे अडीच तास आहे. मुंबईहून दहाला निघालेले विमान दुबईला पावणेबाराला पोहोचते असे तिकिटावर दिसले, तर पावणेदोन तासांत दीड तास मिळवावा. परतीच्या प्रवासात तोच दीड तास वजा करावा.

सरळ रेषेचे अंतर तेच राहूनही वेळ वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे हवाई हद्द. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला. म्हणून परदेश प्रवासाचा वेळ स्वतः काढला तरी चालू वेळापत्रकाशी ताडून पाहावा.

जमिनीवरचा वेळ

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, त्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या तपासणीसाठी आम्ही मुंबईला विमानाने गेलो. तपासणीची वेळ दुपारी चारची होती आणि विमान तीनच्या आत उतरणार होते, म्हणून मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात विमान समुद्रावर बराच वेळ घिरट्या घालत राहिले, सामान यायला वेळ लागला, रस्त्यावर वाहनांची कोंडी होती, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेलेले होते. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना नातेवाइकांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले. दोष कोणा एकाचा नव्हता. मी जो वेळ धरला होता तो आमच्या प्रवासाच्या एका तुकड्याचाच होता.

त्यानंतर मी प्रत्येक वेळी कागदावर पूर्ण हिशेब मांडतो. कुडाळहून परळला जायचे असेल, तर घरापासून चिपीपर्यंत पाऊण तास. विमानतळावर उड्डाणाच्या दीड तास आधी पोहोचणे. उड्डाण सव्वा तास. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला चाळीस मिनिटे. आणि विमानतळापासून परळपर्यंत एक तास. बेरीज पाच तास दहा मिनिटे होते. त्यात विमानाचा सव्वा तास म्हणजे साधारण चौथा हिस्सा. ज्या दिवशी काम वेळेशी बांधलेले असेल, त्या दिवशी मी यात आणखी दोन तास राखून ठेवतो, आणि रुग्णालय, परीक्षा किंवा परदेशी विमान असेल तर आदल्या दिवशीच जातो.

सुटणारे किंवा उतरणारे विमान नेमके कोणत्या विमानतळावरचे आहे, हे तिकिटावर नीट वाचावे. ‘मुंबई’ आणि ‘गोवा’ या दोन्ही नावांखाली आता दोन-दोन विमानतळ येतात. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतूक सुरू झाली. चिपीपासून त्याचे सरळ अंतर सुमारे ३३५ किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पंधरा किलोमीटर कमी भरते. आकाशात हा फरक दोन मिनिटांचाही नाही. जमिनीवर मात्र तो तासाभराचा होऊ शकतो, आणि तो आपल्या बाजूने की विरुद्ध, हे कोठे जायचे आहे यावर ठरते. पनवेल, पेण, अलिबाग, माणगाव येथे जाणाऱ्याला नवी मुंबई उघडच सोयीची आहे. परळ-शिवडीला जाणाऱ्यानेही तिचा विचार करावा, कारण जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू थेट शिवडीला उतरतो. अंधेरी-बोरिवलीकडे जाणाऱ्यासाठी जुना विमानतळच बरा. गोव्यात मोपा आणि दाभोळी यांच्यातील सरळ अंतर चाळीस किलोमीटरांच्या आत असले, तरी मधे शापोरा, मांडवी व जुवारी या नद्या आहेत आणि रस्त्याने ते अंतर बरेच वाढते. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग येथील प्रवाशाला मोपा जवळ आहे. दाभोळीचे तिकीट थोडे स्वस्त दिसले म्हणून घेतले, तर ती बचत टॅक्सीच्या भाड्यात सहज निघून जाते.

सरळ अंतर आणि रस्त्याचे अंतर यांतला फरक कोकणात विशेष मोठा असतो, कारण आपला किनारा खाड्यांनी कापलेला आणि पूर्वेला घाटांनी अडवलेला आहे. दाभोळ आणि धोपावे ही गावे वाशिष्ठीच्या मुखाशी समोरासमोर आहेत. जंगलजेटीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने, काही मिनिटांत पलीकडे जाता येते, पण ती चुकली तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो. म्हणून घरापासून विमानतळापर्यंतचे अंतर कधीही नकाशावरच्या सरळ रेषेने धरू नये, आणि वाटेत जंगलजेटी असेल तर तिच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवावी. मुंबईपासून कुडाळ रस्त्याने पाचशे किलोमीटरांच्या जवळपास भरते, म्हणजे विमानाच्या सरळ अंतराच्या जवळजवळ दीडपट. रत्नागिरीकर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा पर्याय पाहतात, तेव्हाही असेच होते : सरळ अंतर सुमारे ११० किलोमीटर, आंबा घाटातून रस्ता मात्र साधारण १३० किलोमीटरांचा, आणि पावसाळ्यात घाटाला जो वेळ लागेल तो वेगळा.

विमान, रेल्वे की रस्ता

हिशेब पूर्ण मांडला म्हणजे तुलना प्रामाणिक होते. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि रात्रीच्या गाडीचा एक गुण विमानाच्या हिशेबात कोठेच दिसत नाही : झोपेचा वेळ प्रवासात जातो. संध्याकाळी सावंतवाडीहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला पोहोचते, आणि ज्याचे काम दादर-परळ भागात आहे त्याचा कामाचा एकही तास वाया जात नाही. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतला कणकवलीला थांबा आहे आणि दिवसा जाण्यासाठी ती चांगली गाडी आहे. मात्र पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेवर वेग कमी ठेवला जातो आणि प्रवास लांबतो. विमान खरोखर उपयोगी पडते ते एकाच दिवसात जाऊन कामाला लागायचे असेल, आजारी माणसाला दहा तास बसवणे शक्य नसेल, किंवा हैदराबाद-बंगळूरसारख्या दूरच्या शहरी जायचे असेल तेव्हा. गुडघेदुखीने त्रासलेल्या आईला रात्रभर गाडीत वरच्या बर्थवर चढायला लावण्यापेक्षा पाच तासांचा विमानप्रवास मला केव्हाही अधिक योग्य वाटतो.

पावसाळ्याबद्दल आणखी एक सूचना करणे गरजेचे आहे. चिपी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ सड्यावर, म्हणजे उंच पठारावर आहेत, आणि आषाढ-श्रावणात ढग सड्यापर्यंत खाली उतरतात. अशा वेळी विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवले जाऊ शकते. ज्याला आपण घ्यायला जाणार आहोत त्याचे विमान उडाले की नाही आणि कोठे उतरले, हे घरातून निघण्यापूर्वीच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. चिपी-मुंबई मार्गावरील सेवा मध्यंतरी खंडितही झालेली आहे, त्यामुळे गणपतीसाठी महिनोन्‌महिने आधी बेत करणाऱ्यांनी गेल्या वर्षीचे वेळापत्रक गृहीत धरू नये. तिकीट काढण्यापूर्वी सेवा चालू आहे का, आठवड्यातून किती दिवस आहे आणि परतीचे विमान आपल्याला हव्या त्या दिवशी आहे का, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. परतीच्या दिवशी विमान नसेल, तर जाताना विमान आणि येताना रात्रीची गाडी अशी जोड घालावी, आणि गाडीचे आरक्षण आधी करून मगच विमानाचे तिकीट काढावे, कारण गणपतीच्या दिवसांत कोकणाच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी आरक्षण उघडताच लांबते.